चढाला टर्बो उशिरा उठतो: खालच्या आरपीएमला पिकअप वाढवायला काय बदलावं?

गारगोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी सहाचाकी, सहा सिलिंडरचं टर्बो-इंटरकूलर इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणारा पंखा, इंटरकूलर म्हणजे ती हवा गार करणारा रेडिएटर), मेकॅनिकल इनलाइन डिझेल पंप, बीएस३ (जुनं प्रदूषण मानक). कोल्हापुरातून साखर नाहीतर कास्टिंग घेऊन कोकणात उतरायचं आणि येताना जांभा चिरा भरून वर यायचं, हा धंदा. रस्ता बहुतेक वेळा गगनबावड्याचा. करूळ बंद असला की भुईबावडा, तेही जमलं नाही तर फोंडा.

सपाटीला गाडीबद्दल तक्रार नाही. हायवेला कागलपासून पुण्यापर्यंत छान पळते. त्रास फक्त भरलेल्या गाडीने घाट चढताना. वळणाला वेग तुटतो, दुसरा टाकतो, दुसऱ्यात ओढून तिसरा टाकला की आरपीएम पडून हजार-अकराशेवर येतो आणि मग पाय तळापर्यंत दाबला तरी गाडी नुसता काळा धूर ओकते. पंधराशेच्या आसपास टर्बोची शिट्टी ऐकू आली की एकदम जीव येतो. पण तिथपर्यंत पोचायच्या आतच पुढचं वळण येतं आणि पुन्हा दुसरा.

चौकशी केली तर चौघांनी चार सल्ले दिले. एक म्हणतो, टर्बोचं मागचं हाउसिंग (एक्झॉस्टच्या बाजूचं कवच) लहान घाल. दुसरा म्हणतो, मोठ्या गाडीचा टर्बो बसव. तिसरा म्हणतो, वेस्टगेटचा (जादा एक्झॉस्ट टर्बोला वळसा घालून सोडणाऱ्या झडपेचा) रॉड आवळ. चौथ्याने तर पंपाची डिलिव्हरी (डिझेलचा पुरवठा) वाढवूनच दिली. त्याने धूर वाढला, डिझेल वाढलं, ओढ होती तेवढीच. पैसे घालायची तयारी आहे, पण अंदाजाने घालायचे नाहीत. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

टर्बोबेंच_उद्यमनगर

गारगोटीकर, वर्णन नेमकं केलंय, त्यामुळे उत्तर देता येतं.

आधी दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत टाळू. पहिली: एका ठराविक आरपीएमच्या खाली एक्झॉस्टमध्ये टर्बाइन (टर्बोचं एक्झॉस्टवर फिरणारं चाक) फिरवण्याइतका जोरच नसतो, तिथे कितीही वेळ थांबलात तरी दाब येणार नाही. दुसरी: त्या आरपीएमच्या वर असताना पाय दाबल्यापासून दाब चढेपर्यंत जाणारा वेळ. तुमचं दुखणं पहिलं आहे. हलकं कंप्रेसर व्हील (टर्बोचं हवा दाबणारं चाक), बॉल बेअरिंग असल्या गोष्टींनी दुसरं थोडं कमी होतं, पहिल्यावर त्यांचा फारसा उपयोग नाही. त्यावर पैसे घालू नका.

पहिल्यावर खरा उपाय टर्बाइन हाउसिंगचा. एक्झॉस्ट वायू ज्या चिंचोळ्या मार्गाने व्हीलवर आदळतो त्याचं क्षेत्रफळ भागिले शाफ्टच्या मध्यापासून त्याचं अंतर, याला ए बाय आर म्हणतात. तो आकडा लहान म्हणजे वायूचा वेग जास्त. पाण्याच्या नळीच्या तोंडावर बोट दाबलं की धार लांब जाते, तसंच. त्यामुळे कमी आरपीएमला, कमी वायूत टर्बो उठतो. पण हेच बोट वरच्या आरपीएमला इंजिनाचा श्वास अडवतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये (सगळ्या सिलिंडरांचा जळका वायू गोळा करणाऱ्या पाइपात) उलटा दाब वाढतो, पिस्टनला जळका वायू ढकलायला ताकद लागते आणि हायवेला डिझेल जास्त जातं. तुमची गाडी पुण्याच्या फेऱ्याही करत असेल तर हा हिशेब आधी मांडा.

माझं मत स्पष्ट आहे: हाउसिंग बदलायचं, पण सगळ्यात शेवटी. आमच्याकडे "टर्बो बदला" म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत टर्बोला काही झालेलं नसतं. हवा कुठेतरी वाटेतच निसटत असते. पंधराशेला भरपूर वायू असतो, म्हणून गळती असूनही दाब बनतो. अकराशेला जेमतेम बनणारा दाब त्याच फटीतून निघून जातो. लक्षण हुबेहूब तुमच्यासारखंच.

तपासायचं असं. इंजिन बंद, गार. एअर क्लीनरचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला बूच बसवा, त्यात ट्यूबचा वॉल्व्ह लावा आणि पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरने हळूहळू एक बारपर्यंत हवा भरा. त्यापेक्षा जास्त नको. मग टर्बोपासून इंटरकूलर, इंटरकूलरपासून इनटेक मॅनिफोल्डपर्यंत प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावा. एखाद्या उघड्या वॉल्व्हमधून थोडी हवा एक्झॉस्टकडे जाईल, ते चालतं. पण रबरी होजवर एकसुद्धा फुगा चालत नाही. होजची खालची बाजू आरशाने बघा. क्लिपच्या कडेला तेलकट धूळ चिकटून काळा पट्टा दिसला की तिथे गळती आहे म्हणून समजायचं.

मग एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. हेडच्या गॅस्केटपाशी किंवा टर्बोच्या फ्लँजपाशी काजळीचे फराटे असतील तर टर्बाइनपर्यंत पोचायच्या आतच उष्णता आणि दाब दोन्ही वाया जातायत. खालच्या आरपीएमला हा तोटा जबर जाणवतो.

वेस्टगेटबद्दल गैरसमज फार आहे. रॉड आवळल्याने सगळ्यात वरचा दाब वाढतो. अकराशे आरपीएमला झडप बंदच असते, मग आवळून काय मिळणार? फायदा फक्त तेव्हाच, जेव्हा झडप नीट बसत नाही किंवा अ‍ॅक्च्युएटरची (दाबाने हा रॉड हलवणाऱ्या डबीची) स्प्रिंग मेल्यामुळे ती लवकर उघडते. गेज असलेल्या हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला हवा द्या आणि रॉड कितीला हलायला लागतो ते बघा. कंपनीच्या आकड्याला हलला तर त्याला हात लावू नका.

नोझलवाला

वरच्या प्रतिसादाला पूर्ण सहमती. पंपाच्या बाजूचं मी लिहितो, कारण तेच माझं काम आहे.

तुमच्या पंपाच्या मागे डबीसारखा एक भाग असेल, त्यात डायफ्राम असतो. इनटेक मॅनिफोल्डमधून एक बारीक पाइप त्याला येतो. टर्बोचा दाब आला की डायफ्राम दाबला जातो, रॅकला (डिझेलचं प्रमाण ठरवणाऱ्या दांडीला) पुढे जायची मोकळीक मिळते आणि डिझेल वाढतं. म्हणजे हवा नसताना जास्त डिझेल जाऊ नये याची ती सोय. आमच्याकडे बूस्ट कॉम्पेन्सेटर म्हणतात, काही जण एलडीए म्हणतात.

धूर बघून बरंच कळतं. ओढ नाही आणि काळा धूर आहे, म्हणजे डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय. ओढ नाही आणि धूरही नाही, म्हणजे डिझेलच वाढत नाहीये: डायफ्राम फाटलाय, नाहीतर तो बारीक पाइप तेल-काजळीने चोंदलाय. तुमच्याकडे आधी डिलिव्हरी वाढवून घेतलीय, म्हणून हा धूर मूळ आजार झाकतोय. पंप बेंचवर लावून डिलिव्हरी पुन्हा कंपनीच्या आकड्यावर आणा, मगच पुढची तपासणी. नाहीतर आम्ही इथे काहीही सांगितलं तरी ते चुकीच्या लक्षणावर बेतलेलं असेल.

खालचा पिकअप सुधारायला त्या डबीतली स्प्रिंग किंचित सैल करता येते. मग कमी दाबालाच डिझेल वाढायला लागतं, एक्झॉस्ट गरम होतो, टर्बो लवकर उठतो. पण मर्यादा थोडीच आहे. पाय दाबल्यावर क्षणभर विरळ करडा धूर येऊन गेला तर ठीक. काळा लोट उठला की समजायचं, हवेपेक्षा डिझेल पुढे गेलं. ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतं आणि इंजिन ऑइल काळंभोर करतं. आणि हे काम बेंचवरच व्हायला पाहिजे. रस्त्याच्या कडेला सील तोडून पाना फिरवणाऱ्याच्या हातात पंप देऊ नका.

चिरेवाला

आमच्या गाडीला बी सेम असंच हुतं. आमच्या ओळखीच्या एकानं मोठ्या गाडीचा टर्बो बसवला, जुन्या बाजारात स्वस्त मिळाला म्हणून. चढाला आधीपेक्षा वाईट झालं, अन् मध्येच टर्बोतून "भक भक भक" असा आवाज येतोय. मिस्त्री, हे काय प्रकरण हाय? मोठा टर्बो म्हंजे जास्त हवा, असंच वाटणार की माणसाला.

टर्बोबेंच_उद्यमनगर

चिरेवाले भाऊ, मोठा टर्बो जास्त हवा देतो, पण ती वरच्या आरपीएमला. तो फिरवायला वायूही जास्त लागतो, म्हणून खाली तो झोपूनच राहतो. घाटाच्या गाडीला तो कामाचा नाही.

तो आवाज म्हणजे सर्ज. कंप्रेसर दाब तयार करतोय, पण इंजिन कमी आरपीएमला तेवढी हवा गिळत नाही. मग हवा उलटी फिरून व्हीलवर येते, पुन्हा पुढे जाते, पुन्हा मागे. प्रत्येक धक्का थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या बेअरिंगवर) बसतो. हा आवाज ऐकत गाडी चालवू नका. शाफ्ट पुढे-मागे हलायला लागला की व्हील हाउसिंगला घासतं आणि तुटलेले तुकडे इंटरकूलरमध्ये जातात.

नेमका हाच प्रयोग जगात खूप ठिकाणी झालाय, म्हणून एक उदाहरण देतो. कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन अमेरिकेत डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये १९८९ पासून आलं. सुरुवातीच्या गाड्यांवर होलसेट कंपनीचा वेस्टगेट नसलेला टर्बो होता आणि त्याचं टर्बाइन हाउसिंग मोठं होतं. होलसेट हा आकार चौरस सेंटिमीटरमध्ये सांगतं, हाउसिंगवर तो आकडा ओतलेलाच असतो. तिथले लोक १८ किंवा २१ चं हाउसिंग काढून १६ चं, कधी १४ चं घालत आले आहेत. बाकीचा टर्बो तोच. खालची ओढ वाढली, धूर कमी झाला. ज्यांनी फारच लहान घातलं त्यांना वरच्या आरपीएमला उष्णता वाढल्याचं दिसलं, म्हणून तसल्या हाउसिंगसोबत वेस्टगेट लागतो. हा धडा आपल्याला जसाच्या तसा लागू आहे: एक पायरी खाली उतरा, दोन-तीन नाही, आणि कंप्रेसर बदलू नका.

आणखी एक, जे जुन्या बाजारात हमखास चुकतं. सहा सिलिंडरच्या मॅनिफोल्डचे बहुधा दोन भाग असतात, पुढचे तीन आणि मागचे तीन. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. म्हणजे पुढच्या तिघांपैकी एकेकाचा धक्का २४० अंशांच्या अंतराने येतो आणि मागच्या तिघांचा मधल्या वेळेत. हाउसिंगच्या तोंडाला मधे भिंत असेल, तर दोन्ही बाजूंचे धक्के एकमेकांत न मिसळता थेट व्हीलपर्यंत पोचतात. कमी आरपीएमला टर्बो फिरवतात ते हेच धक्के. अशा मॅनिफोल्डवर भिंत नसलेलं हाउसिंग बसवलं, तर ए बाय आर लहान करूनही मिळवलेलं अर्धं तिथेच जातं. हाउसिंग घेताना तोंडात बोट घालून भिंत आहे का बघा, आणि ती वितळून, झिजून किंवा तडकून गेलेली नाही ना, हेही.

सँडप्लांट

मी शिरोलीत फौंड्रीत आहे, म्हणून धातूबद्दल लिहितो. टर्बाइन हाउसिंग स्वस्तात मिळतंय म्हणून साध्या ग्रे आयर्नचं घेऊ नका. ग्रे आयर्नमध्ये ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात असतं. वारंवार लालसर तापून गार झालं की त्या पापुद्र्यांच्या वाटेने ऑक्सिजन आत शिरतो, कास्टिंग फुगतं आणि वायूच्या मार्गाच्या टोकाशी असलेल्या पातळ जिभेपाशी तडकतं. फ्लँज वाकडी होते, गॅस्केट टिकत नाही, आणि तुम्ही गॅस्केटलाच दोष देत बसता.

या कामाला एसजी आयर्न (ज्यात ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात असतं) लागतं, तेही सुमारे चार टक्के सिलिकॉन आणि अर्धा ते एक टक्का मॉलिब्डेनम असलेलं. आमच्या धंद्यात त्याला सिमो म्हणतात. त्याहून जास्त उष्णतेला नि-रेझिस्ट, ज्यात ३५ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, त्यामुळे ते महाग. कोल्हापूरच्या फौंड्र्यांना एसजी नवीन नाही, देशभरातल्या वाहन कंपन्यांना इथून कास्टिंग जातात. त्यामुळे "लोकल माल म्हणजे खराब" असं मी म्हणणार नाही. पण कुठल्या ग्रेडचं आहे हे विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर घेऊ नका.

एमएच०९

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण कागदाची बाजूही हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्याच इंजिनासाठी कंपनीने मान्य केलेला दुसरा पार्ट नंबर मिळत असेल तर तोच घ्या, बिल जपून ठेवा. अपघातानंतर विमा सर्व्हेअर बोनेट उघडतो तेव्हा हे बिल कामाला येतं.

पीयूसीत बीएस४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा ६५ एचएसयू (धुराचा काळेपणा मोजायचं एकक), बीएस४ ला ५०. डिलिव्हरी वाढवलेल्या गाड्या इथेच अडकतात.

गारगोटीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं त्याच क्रमाने गेलो. पंप बेंचवर लावला, डिलिव्हरी मूळ आकड्यावर आणली. डायफ्राम चांगला होता, पण बारीक पाइप मॅनिफोल्डच्या बाजूला निम्मा चोंदलेला निघाला. साबणाच्या पाण्याने टर्बो ते इंटरकूलरच्या होजला खालून बारीक चीर सापडली, क्लिपच्या अगदी कडेला. वरून होज नवा वाटत होता. तीन आणि चार नंबरच्या मधे मॅनिफोल्डला काजळीही होती, गॅस्केट बदललं.

आता तेराशेच्या जरा आधीच ओढ येते आणि काळा धूर जवळजवळ गेला. फोंड्याला फरक स्पष्ट जाणवला. करूळच्या वरच्या वळणांना अजून थोडी कसर वाटते. आता हाउसिंग घालायचं का?

बीएस६_चालक

मध्येच विचारतो. माझी गाडी बीएस६, व्हेरिएबल टर्बोची. तिलाही चढाला सुस्ती आलीय. हाउसिंगचं काही करता येईल का?

टर्बोबेंच_उद्यमनगर

बीएस६ वाले दादा, नाही. तुमच्या टर्बोत हाउसिंगचा मार्ग लहान-मोठा करायची सोय आतच आहे. सुस्ती आली म्हणजे ती यंत्रणा काजळीने जाम होत असेल, नाहीतर अ‍ॅक्च्युएटर, सेन्सर किंवा फिल्टर भरल्याचा प्रश्न. स्कॅनर लावून मागितलेला दाब आणि मिळणारा दाब शेजारी ठेवून बघा. पुढे डीपीएफ (काजळी गाळणारा फिल्टर) आणि एससीआर (धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारी यंत्रणा) आहेत, एक गोष्ट बदलली की तिन्ही बिघडतात.

गारगोटीकर, तुम्ही आता अशा जागी आहात की आकडे बघूनच निर्णय घ्यावा. दोन गेज बसवा, एक दाबाचं, एक एक्झॉस्ट उष्णतेचं. उष्णतेचा प्रोब टर्बाइनच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये घाला. सायलेन्सरच्या बाजूला घातलात तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी, कधी त्याहूनही कमी दिसतो आणि खोटा धीर येतो. भोक पाडताना टर्बो काढूनच पाडा, बुरादा व्हीलवर जाता कामा नये. चढाला सतत ७०० अंशांच्या वर काटा राहत असेल तर अ‍ॅल्युमिनियमचे पिस्टन धोक्यात आहेत, तिथे पाय उचलायचाच.

लहान हाउसिंग घातल्यावर अकराशे ते चौदाशेत ही उष्णता उतरायला पाहिजे, कारण हवा वाढते. हायवेला दोन हजारच्या वर ती चढली, तर हाउसिंग फार लहान झालं.

ऊसवाहतूक_कुरुंदवाड

एक वेगळा पर्याय सुचवतो, त्याचा विचार झालेला दिसत नाही. टर्बोला हात न लावता डिफमधलं क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना जोर देणारी दातेरी चाकांची जोडी) बदला. सात-एक्केचाळीसच्या (पिनियनचे सात, क्राउनचे एक्केचाळीस दाते) जागी सहा-एक्केचाळीस घातलं की रेशो ५.८६ वरून ६.८३ वर जातो. चाकाला ओढ सोळा-सतरा टक्के वाढते आणि त्याच वेगाला इंजिनाचा आरपीएमही तेवढाच वर राहतो, म्हणजे टर्बो आपोआप जागा. कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलला दोन्ही असतील तर हा सरळ मार्ग. शेतातून मुरमाच्या रस्त्याने ऊस भरून बाहेर काढणाऱ्याला हेच परवडतं. हायवेचा वेग मात्र कमी होतो.

शिवाय २०१८ मध्ये दोन एक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर नेलं. नियमाने परवानगी मिळाली म्हणून जुन्या इंजिनावर दोन टन जास्त चढले, हेही लक्षात घ्या.

टर्बोबेंच_उद्यमनगर

हा सल्ला चांगला आहे, आणि चिरा-साखर असा पक्का घाटाचा धंदा असेल तर मी तोच आधी करेन. पुण्याच्या फेऱ्या जास्त असतील तर हाउसिंग.

हाउसिंग घालायचं ठरलं तर बसवताना एवढं सांभाळा. शाफ्ट आडवा किंचित हलणं साहजिक आहे, ते तेलावर तरंगणारं बेअरिंग असतं. पुढे-मागे मात्र बोटाला जाणवेल इतका हलता कामा नये. हाउसिंग चढवून बोल्ट आवळले की व्हील हाताने फिरवून बघा, कुठे घासतंय का. तेलाचा येणारा पाइप साफ करत बसू नका, नवाच घाला. आतली जळकी साय निघत नाही आणि टर्बो तिथूनच मरतो. परतीचा पाइप कुठेही दबलेला नको, नाहीतर सीलमधून तेल सायलेन्सरमध्ये जाईल. स्टार्ट करण्याआधी टर्बोच्या तोंडात स्वच्छ ऑइल ओता, डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, परतीच्या पाइपातून तेल आलेलं बघा, मगच इंजिन चालू करा आणि काही मिनिटं आयडलवरच ठेवा.

पहिली भरलेली फेरी झाली की गाडी गार होऊ द्या आणि मॅनिफोल्डचे, फ्लँजचे नट पुन्हा आवळा. कास्टिंग तापून बसलं की ते हमखास सैल सापडतात.